एनसीसीची पोरं युद्धावर? खुलासा

देवळालीत तोफांचा सराव घुमला, की नाशिकरोडच्या कट्ट्यांवर जुनी आवई उठते: युद्ध पेटलं तर एनसीसीची पोरं आणि टीएवाले (प्रादेशिक सेनेतले अर्धवेळ सैनिक) थेट परदेशात. एनसीसीचं साफ खोटं. १९४८च्या कायद्यानुसार कॅडेटवर सक्रिय सैनिकी सेवेचं बंधनच नाही. टीए वेगळी. तिथे भरतीच अठराव्या वर्षापासून. देशाबाहेर मात्र केंद्राचा आदेश निघाला तरच. (श्रीलंकेत ‘ऑपरेशन पवन’मध्ये टीएच्या तुकड्या होत्या, हे कट्टेकऱ्यांना ठाऊक नसतं.) उरला अग्निवीर. तो साडेसतराव्या वर्षीही भरती होतो, म्हणून आया धास्तावतात. पण प्रशिक्षण आटोपलं तरी अठरा भरल्याशिवाय त्याला मोहिमेच्या क्षेत्रात धाडत नाहीत. भारताने २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांना तसं लिहूनच दिलंय.