पॅरिश (धर्मग्राम)

पॅरिश म्हणजे कॅथलिक चर्चच्या रचनेतला सगळ्यात छोटा आणि माणसाच्या सगळ्यात जवळचा घटक. मराठीत याला धर्मग्राम असा छान शब्द आहे, लिहिताना तोच वापरतात, बोलताना मात्र सगळे पॅरिशच म्हणतात. अनेक पॅरिश मिळून एक धर्मप्रांत होतो, त्याचे प्रमुख बिशप, आणि प्रत्येक पॅरिशची जबाबदारी बिशपांनी नेमलेल्या प्रमुख धर्मगुरूंकडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या फादरांकडे. जगभरात अशा २ लाखांहून जास्त पॅरिश आहेत.

बऱ्याच जणांना वाटतं पॅरिश म्हणजे चर्चची बिल्डिंग. पण चर्चचा १९८३ सालचा जो कायदा आज लागू आहे त्याच्या कलम ५१५ मध्ये व्याख्या माणसांपासूनच सुरू होते, श्रद्धावंतांचा एक ठरावीक समुदाय, कायमचा उभा केलेला, आणि त्याची काळजी धर्मगुरूंवर सोपवलेली. छप्पर गळत असेल, मिस्सा (चर्चमधली मुख्य सामुदायिक उपासना) एखाद्या हॉलमध्ये चालू असेल, तरी पॅरिश ती पॅरिशच. कलम ५१८ मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, ते सांगतं की पॅरिश शक्यतो हद्दीवरून ठरते, त्या हद्दीत राहणारे सगळे कॅथलिक तिचे (भाषेवरून किंवा उपासनेच्या पद्धतीवरून वेगळी पॅरिश करता येते, पण हद्द हाच मूळ नियम). म्हणजे बाकावर तुमच्या शेजारी कोण बसणार हे तुम्ही ठरवत नाही, पत्ता ठरवतो, मग तो श्रीमंत असो की कालच कामावरून काढलेला, आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे तोही त्याच रांगेत, आणि ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) आधी एकमेकांना शांतीची खूण द्यायची वेळ येते तेव्हा नेमका तोच बाजूला असतो. मला विचाराल तर पॅरिशचं मर्म हेच, आपण न निवडलेल्या माणसांबरोबर प्रार्थना करायची आणि हळूहळू ती आपली होतात.

शब्दाचं मूळ ग्रीक आहे, पारोइकिया, म्हणजे परक्या मुलखात बिऱ्हाड करून राहणं. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना आपण या जगात बिऱ्हाडकरूच आहोत असं वाटायचं, त्यावरून हे नाव पडलं. तेव्हा ते कोणाच्या तरी घरी जमत. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे: आधी वाचनं, मग प्रमुखाचं प्रवचन, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्यातला वाटा पोचवणं, आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले यांच्यासाठी वर्गणी. आज कुठल्याही पॅरिशमध्ये रविवारी जाऊन बसा, क्रम जवळपास हाच दिसेल, वर्गणीची जागा तेवढी बदललीय.

पुढे धर्म शहरांतून खेड्यांत पसरला, एकट्या बिशपांना सगळीकडे पोचणं जमेना, तेव्हा गावोगावी धर्मगुरू नेमले गेले आणि आजच्या पॅरिशचा आकार तयार होत गेला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (अशा परिषदा म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभा) ठरवलं की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूंकडे पापनिवेदन करावं, म्हणजे आपली पापं सांगून क्षमा मागावी, आणि पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या काळात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) हद्दी नीट आखायला आणि नोंदवह्या ठेवायला सांगितलं. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, वाचनं करायला साधी माणसं पुढे आली. पॅरिशच्या आयुष्यात यापेक्षा मोठा बदल गेल्या काही शतकांत झाला नसेल.

सगळ्याचं केंद्र रविवारची मिस्सा. पहिला भाग वाचनांचा, रविवारी तीन वाचनं आणि मध्ये एक स्तोत्र, शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची कथा, तीन वर्षांच्या चक्राने येतं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः पास्काच्या आसपास. मग प्रवचन, मग विश्वासूंच्या प्रार्थना. या प्रार्थना मध्ये कित्येक शतकं बंद पडल्या होत्या, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या परत आणल्या, आणि बरं झालं आणल्या, कारण इथेच पॅरिशचा आवाज ऐकू येतो: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, मग गरजूंसाठी आणि शेवटी आपल्यातल्या लोकांसाठी. पुष्कळ ठिकाणी आजाऱ्यांची आणि गेलेल्यांची नावं घेतली जातात आणि नाव ऐकलं की कुठल्या तरी बाकावर एक मान खाली जाते. दुसरा भाग वेदीवरचा. भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात ही कॅथलिक श्रद्धा आहे, नुसती आठवण नव्हे, म्हणूनच उरलेला ख्रिस्तप्रसाद एका पेटीत कुलपात ठेवतात आणि शेजारी दिवा अखंड तेवत असतो. अजून एक गोष्ट बऱ्याच पॅरिशवासीयांनाही माहीत नसते, कलम ५३४ प्रमाणे प्रमुख धर्मगुरूंना दर रविवारी आणि सणाच्या सक्तीच्या दिवशी एक मिस्सा फक्त आपल्या लोकांसाठी अर्पण करावीच लागते. म्हणजे तुम्ही आलात न आलात, तुमच्यासाठी प्रार्थना झालेली असते.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद जातो. छोटी धातूची डबी असते, तळहातात मावेल एवढी, फादर किंवा नेमलेले सेवक ती गळ्यात अडकवून किंवा खिशात छातीशी धरून नेतात. आजाऱ्याच्या उशाशी पांढरा रुमाल अंथरलेला, त्यावर क्रूस आणि मेणबत्ती, बस एवढंच. गिळता येत नसेल तर अगदी कणभर तुकडा मोडून चमचाभर पाण्याबरोबर देतात. मरणाच्या दारात असलेल्याला जो ख्रिस्तप्रसाद देतात त्याचं लॅटिन नाव व्हियातिकुम, अर्थ वाटेची शिदोरी. किती नेमका शब्द आहे बघा, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला घरचे जे बांधून देतात तेच.

मिस्सेबाहेरची प्रार्थनाही भरपूर आहे, दिवसातून तीनदा देवदूताच्या निरोपाची घंटा, नऊ दिवसांचे नोव्हेना, उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची १४ स्थानं, पवित्र साक्रामेंतासमोरची, म्हणजे जपून ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोरची, मूक आराधना. पण घराघरात पोचलेली प्रार्थना म्हणजे जपमाळ, म्हणजेच रोझरी. पाच दशकं, प्रत्येकात दहा वेळा नमो मरिया ही प्रार्थना, आणि प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातलं एक रहस्य मनात धरायचं. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं आधीपासून होती, प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. जपमाळ सगळे मिळून म्हणतात तेव्हा ती दोन भागांत असते, एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे उरलेली पूर्ण करतात. याचा अर्थ मला आई गेली त्या रात्री कळला. पॅरिशमधली पंचवीस-तीस माणसं घरी आली होती, काहींची मला नावंसुद्धा धड माहीत नव्हती, मी सुरुवात केली आणि तिसऱ्या दशकात माझा आवाजच फुटेना. कोणी काही बोललं नाही, कोणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, मागून एका म्हाताऱ्या बाईंनी माझा अर्धा भाग उचलला आणि बाकीच्यांनी नेहमीसारखा त्यांचा अर्धा, आणि जपमाळ पुढे गेली. माझी प्रार्थना त्या रात्री दुसऱ्यांनी केली असं मी नेहमी म्हणतो.

पॅरिशच्या ऑफिसमधल्या नोंदवह्या म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची रजिस्टरं. कंटाळवाणा कारकुनी विषय वाटतो, पण बाप्तिस्म्याचं रजिस्टर एकदा नीट बघावं. एका ओळीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता, फादरांची सही, आणि बाजूला समास मोकळा. तो समास आयुष्यभरासाठी असतो. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं की तिथे लिहितात, लग्न झालं की लिहितात, कोणी धर्मगुरू झाला किंवा संन्यस्त व्रत घेतलं तर तेही. लग्न जगाच्या दुसऱ्या टोकाला झालं तरी तिथले फादर बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवतात आणि इथल्या समासात ओळ पडते. म्हणून तर लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात, जुना चालत नाही, कारण मधल्या काळात समासात काय लिहिलं गेलंय ते बघायचं असतं. माणूस कुठेही जाऊ दे, त्याची ओळ त्या पॅरिशमध्ये राहते.

वर्षाची लय आगमनकाळाच्या चार रविवारांपासून सुरू होते, मग नाताळ, मग राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. कपाळाला लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करायची पद्धत आहे, म्हणजे मागच्या वर्षीचा जयघोष यंदा राख होऊन कपाळावर येतो. नाताळला गर्दी जास्त असते पण वर्षाचं शिखर पास्का आहे, नाताळ नाही, हे आवर्जून सांगायला हवं. पवित्र गुरुवारी फादर खाली वाकून लोकांचे पाय धुतात, शुभ शुक्रवारी मिस्साच होत नाही, वेदी उघडी. आणि शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर आल्फा, ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. ती एकच ज्योत आत येते आणि एकाची मेणबत्ती दुसऱ्याला असं करत सगळं चर्च उजळतं, शेजारच्याने मेणबत्ती तिरकी केल्याशिवाय तुमची पेटत नाही. वर्षभर प्रत्येक बाप्तिस्म्याला बाळाची मेणबत्ती याच मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात, आणि अंत्यविधीला तीच शवपेटीजवळ ठेवतात.

लोकांचं काम बघायचं तर गायनवृंद, वाचक, वेदीसेवक मुलं, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, जवळजवळच्या घरांचे छोटे ख्रिस्ती समूह, पॅरिश कौन्सिल असं बरंच काही असतं. पैशांचा हिशोब बघणारी समिती प्रत्येक पॅरिशला सक्तीची आहे, कलम ५३७. गरिबांसाठीच्या कामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं नाव घ्यावंच लागेल, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी ती सुरू केली तेव्हा ओझानाम वीस वर्षांचे विद्यार्थी होते. तिची रीत अजून तीच, गरजूला ऑफिसमध्ये बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, त्याच्याजवळ बसायचं.

फादरांबद्दल कलम ५२९ म्हणतं की त्यांनी आपल्या लोकांना ओळखावं, घरोघरी जावं, गरीब, दुःखी, एकाकी आणि परागंदा झालेल्यांकडे खास लक्ष द्यावं. पॅरिशच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियाने, फ्रान्समधल्या आर्स नावाच्या छोट्याशा गावात १८१८ मध्ये आले आणि १८५९ मध्ये तिथेच वारले, लोक लांबून यायचे आणि ते तासनतास पापनिवेदन ऐकत बसायचे. पापनिवेदनात ऐकलेलं कुठल्याही कारणाने बाहेर सांगायला धर्मगुरूंना सक्त मनाई आहे, ती मोडली तर थेट बहिष्काराची शिक्षा.

अडचणीही खऱ्या आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. अनेक देशांत धर्मगुरू कमी पडतायत, दोन-तीन पॅरिश एकत्र कराव्या लागतायत, आणि ज्या चर्चमध्ये आईवडिलांचं लग्न झालं ते बंद होताना बघणं लोकांना फार जड जातं. काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेलं पांघरूण यामुळे विश्वासाला जो तडा गेलाय तो पॅरिशच्या पातळीवरच सगळ्यात जास्त सोसावा लागतो, कारण चेहरा तिथे असतो. त्याशिवाय रोजच्या गोष्टी, तीच चार माणसं सगळी कामं करतात, नवीन आलेल्याशी सहा-सहा महिने कोणी बोलत नाही. मला ही शेवटची चूक सगळ्यात मोठी वाटते. २०२० मध्ये साथीच्या काळात चर्च बंद झाली, मिस्सा मोबाईलवर दिसायची, वाचनं ऐकू यायची, प्रवचन तर आधीपेक्षा नीट ऐकू यायचं, पण ख्रिस्तप्रसाद स्क्रीनमधून येत नाही आणि शेजारचा माणूसही येत नाही. कित्येकांना पॅरिश काय असते ते तेव्हाच समजलं.

नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा, २ तारखेला सर्व मृत श्रद्धावंतांचा दिवस. पुष्कळ पॅरिशमध्ये त्या सुमाराला वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नावाला घरातलं कोणी तरी पुढे येऊन मेणबत्ती लावतं. ज्याच्या घरचं कोणी उरलेलंच नाही त्याचं नाव आलं की क्षणभर शांतता होते, मग पहिल्या बाकावरून कोणी तरी उठतं आणि त्याची मेणबत्ती लावून येतं.