माँगूस (इंग्रजी शब्द)

मुंगूस या प्राण्याचे इंग्रजी नाव. ते घेतले आहे आपल्या मराठीतूनच, बहुधा पोर्तुगीजांमार्फत. उत्तरेत हाच प्राणी ‘नेवला’ होतो, तो संस्कृत ‘नकुल’वरून. मराठी शब्दाचे नाते मात्र दक्षिणेशी आहे. तेलुगू ‘मुंगिस’ आणि कन्नड ‘मुंगुसी’ ही त्याची भावंडे, म्हणून तो मुळात द्राविडी मानतात.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबई, सुरत, गोवा असा हिंडला. रुग्ण तपासायला पार जुन्नरपर्यंत गेला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले, आणि इंग्रजी कोशही या शब्दाचा पहिला वापर त्याच सालचा देतात. त्याआधी युरोपला ठाऊक होते ते इजिप्तमधले मुंगूस. त्याला ग्रीकांनी ‘इक्न्यूमन’, म्हणजे माग काढणारा, असे नाव दिले होते.

शब्दाच्या शेवटी ‘गूस’ ऐकू आला आणि इंग्रजांना तिथे हंसाच्या जातीचा पक्षी दिसला. स्पेलिंगही तसेच ठरले. पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’, मग याचे ‘माँगीस’ का नाही, हा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्याला हमखास पडतो. कोशातले रूढ रूप ‘माँगूसेस’ आहे, कारण पक्ष्याशी याचा काडीचा संबंध नाही. मराठीत विभक्ती लागली की ‘गू’मधला ऊ गळतो : मुंगसाला, मुंगसाने. गावाकडची पोरे कुंपणाशी ‘मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ अशी विनवणी करत, त्यातही तेच रूप. इंग्रजीने उचलले ते फक्त प्रथमेचे.

अठराव्या शतकात हे नाव भलत्याच प्राण्यालाही चिकटले. मादागास्करकडच्या एका लेमूरला, म्हणजे माकडासारख्या प्राण्याला, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७६६ मध्ये ‘लेमूर माँगोझ’ हे शास्त्रीय नाव दिले. तो झाडावरचा प्राणी आजही इंग्रजीत ‘माँगूस लेमूर’च आहे.

पुढे शब्दामागून प्राणीही निघाला. उसातल्या उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली, आणि तिथल्या पैदाशीतून १८८३ मध्ये हवाईत. उंदीर उरलेच, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले मात्र फस्त होऊ लागली. हवाईच्या भाषेत ‘ग’ नाही आणि ‘स’ही नाही. तिथे मुंगसाला ‘मनाकुके’ म्हणतात.