कुकरातली लिंबाची फोड

आमच्याकडे ॲल्युमिनियमचा कुकर लावताना तळाच्या पाण्यात पिळून झालेल्या लिंबाची फोड टाकतात. विसरलं की कुकर आतून काळा पडतो, आणि मग शेजारच्या काकू बजावतात, "फेकून दे गं तो, ते काळं पोटात जातं." खरं तर काळा कुकर निरुपद्रवी. धातू सुटतो तो चकचकीत कुकरातून.

ॲल्युमिनियमला हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. हेच त्याचं चिलखत. पाणी उकळलं की थर जाड होतो आणि पाण्यातल्या क्षारांमुळे काळपट दिसतो. लिंबातलं आम्ल तो थर विरघळवून टाकतं. भांडं चकाकतं, सुटलेला धातू पाण्यात उतरतो. कुकरात ते पाणी आपण ओतून देतो आणि वरण-भात स्टीलच्या डब्यांत असतो, म्हणून बिघडत नाही. चिंचेची आमटी थेट ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळली, की ते पाणी म्हणजेच आमटी.

पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. कळकलेलं जिभेला लगेच कळतं. ॲल्युमिनियम तेवढं प्रामाणिक नाही. उतरलं तरी सहसा चवीत सांगत नाही.

मागच्या आठवड्यात स्टीलच्या वाटीत टोमॅटोची चटणी ठेवून वरून फॉइल घट्ट लावली आणि वाटी फ्रिजमध्ये टाकली. सकाळी बघते तर फॉइल जिथे चटणीला टेकली होती तिथे टाचणीने टोचल्यासारखी भोकं, खाली करडा डाग. ही चक्क बॅटरी झाली: एकीकडे स्टील, दुसरीकडे ॲल्युमिनियम, मधे खारट-आंबट रस. दोन धातू जोडले गेले की ॲल्युमिनियम झिजतं. काचेच्या वाटीत हे इतक्या जोमाने होत नाही.

किती गेलं असेल चटणीत? फॉइल ११ मायक्रॉन जाड धरली, तर एक चौरस मिलिमीटरच्या भोकातून ०.०३ मिलिग्रॅम. वीस भोकं म्हणजे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये ठरवलेली मर्यादा आहे आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ती २ धरली. साठ किलोच्या माणसाला ६० ते १२० मिलिग्रॅम. करडा भाग चमच्याने काढला आणि उरलेली चटणी डोशाबरोबर खाल्ली.

त्या मानाने ॲसिडिटीच्या औषधाचं बघा. एका चमच्यात २५० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असेल, तर त्यात धातू भरतो ८५ मिलिग्रॅमच्या आसपास. चहाचं झुडूपही आम्लधर्मी मातीतून ॲल्युमिनियम ओढून पानांत साठवतं. पण खाल्लेल्यापैकी रक्तात उतरतं हजारात एक ते तीन भागच. ते मूत्रपिंड बाहेर टाकतात.

मूत्रपिंडच थकलं तर? १९७० च्या दशकात डायलिसिसच्या काही रुग्णांचं बोलणं अडखळू लागलं, स्मृती गेली, झटके येऊ लागले. कारण सापडलं डायलिसिसच्या पाण्यात: तुरटीने निवळलेल्या त्या पाण्यातलं ॲल्युमिनियम आतड्याची चाळणी चुकवून थेट रक्तात जात होतं. पाणी शुद्ध करू लागल्यावर तो आजार मागे पडला. अल्झायमरची भीती याच सुमारास वाढली. रोजच्या भांड्यांमुळे तो होतो, हे मात्र आजवर सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ॲसिडिटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम इष्ट, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत चालतं.

शीतपेयाच्या कॅनला आतून लाखेसारखा लेप असतो, टेट्रापॅकमधली फॉइल प्लास्टिकच्या थरांमध्ये असते. धातू पेयाला टेकतच नाही, तेव्हा त्यांची काळजी मी सोडली आहे. ऑफिसच्या डब्यातली फॉइलमधली कोरडी पोळीही खुशाल खावी. लोणचं मात्र वेगळ्या डबीत.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. धारावीत भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून विटा पाडतात, आणि हा पुनर्वापर उत्तमच आहे. पण भंगारात इंजिनाचे सुटे भाग, तारा असं काहीही असतं, आणि अशा कोणत्याही मिश्र भंगारातून भांडी ओतली तर शिसं येऊ शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं उतरत असल्याचा इशारा दिला. शिशाला सुरक्षित मर्यादा नाही, लहान मुलांना तर मुळीच नाही.

कुकरवर आयएसआयचा शिक्का असतो. आईने वजनावर घेतलेल्या आमच्या जाड कढईवर काहीच नाही. ती आता गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.