कॅनाबिसचे औषध सुरू करण्यापूर्वी: चिठ्ठी, लेबल आणि मात्रा

डॉक्टरांनी कॅनाबिसचे (गांजाच्या झाडापासूनचे) औषध लिहून दिले की रुग्ण आणि घरचे बहुधा दोनच गोष्टी विचारतात: हे कायदेशीर आहे ना, आणि किती थेंब घ्यायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते. दुसऱ्याचे उत्तर असे, की थेंब मोजूच नका. दोन्हींचा खुलासा पुढे केला आहे. औषध कोणते आणि किती हे डॉक्टरच ठरवतील. ते तुमच्या हातात नीट पडावे आणि नीट घेतले जावे, एवढ्यासाठी आमच्या फार्मसीचे हे पत्रक.

औषध मिळायला वेळ का लागतो

अमली पदार्थांविषयीच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने कॅनाबिसचा वैद्यकीय वापर बंद केलेला नाही. त्याने अटी घातल्या आहेत. रुग्णाला औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे, लागवड सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखालीच करायची, आपल्या देशाला वर्षभरात किती लागेल याचा अंदाज आधी कळवायचा आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येक खेपेसाठी आयात व निर्यात असे दोन्ही परवाने वेगळे काढायचे. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला करारातल्या सर्वांत कडक अशा चौथ्या अनुसूचीतून (यादीतून) वगळले. त्यामुळे ते मोकळे झाले असे पुष्कळांना वाटते, पण पहिल्या अनुसूचीत ते आजही आहे आणि वरच्या अटीही कायम आहेत.

म्हणून साठा संपल्यावर इतर औषधांसारखे 'उद्या मागवतो' असे इथे चालत नाही. परवाना एका खेपेपुरता असतो आणि देशाचा वार्षिक अंदाज कमी पडला तर तो वाढवून घ्यावा लागतो. बाटलीत तीन आठवड्यांचे औषध शिल्लक असतानाच पुढची चिठ्ठी घ्या.

कायदा बदलला की औषध लगेच मिळू लागते, असेही नाही. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८पासून ते लिहून देता येते, पण सुरुवात फक्त तज्ज्ञ डॉक्टरच करू शकतात. बहुतेक उत्पादनांना औषध म्हणून मंजुरी नाही, त्यामुळे डॉक्टरही बिचकतात. ऑस्ट्रेलियाने २०२१मध्ये दिवसाला १५० मि.ग्रॅ.पर्यंतचे सीबीडी (कॅनाबिसमधला नशा न आणणारा घटक) चिठ्ठीविना, फार्मासिस्टकडून देण्याची मुभा दिली. पण त्यासाठी उत्पादनाची नोंदणी हवी, आणि नोंदलेले उत्पादनच नसल्याने फार्मसीच्या फळीवर काही आले नाही. जर्मनीने मार्च २०१७मध्ये आरोग्य विम्यातून खर्च देण्याची सोय केली आणि विमा संस्थेने तीन आठवड्यांत, वैद्यकीय अभिप्राय मागवल्यास पाच आठवड्यांत, निर्णय द्यावा अशी मुदतही घातली. १ एप्रिल २०२४पासून तिथे ते साध्या चिठ्ठीवर मिळते. आमच्या मते रुग्णाला सर्वांत जास्त उपयोग अशा मुदतीचा होतो. परवानगी कागदावर असते. मुदत असली की कुणाला तरी उत्तर द्यावेच लागते.

चिठ्ठी परत का जाते

बहुतेक वेळा कारण एकच: 'कॅनाबिस ऑइल ५ टक्के' एवढेच लिहिलेले असते. पाच टक्के काय, टीएचसी की सीबीडी? या दोन घटकांचे काम अगदी वेगळे. टीएचसीने नशा येते. त्याच्यामुळेच मळमळ, स्नायूंचा ताठरपणा आणि काही प्रकारच्या वेदना कमी होऊ शकतात. सीबीडीने नशा येत नाही. अपस्माराच्या काही दुर्मीळ, हट्टी प्रकारांत त्याचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. चिठ्ठीवर उत्पादनाचे नाव, दर मि.लि.मध्ये टीएचसी किती व सीबीडी किती, एका वेळची मात्रा मि.ग्रॅ. आणि मि.लि. दोन्हींत, आणि एकूण प्रमाण अंकांत व अक्षरांत लिहिलेले आहे ना, हे डॉक्टरांच्या समोरच पाहून घ्या.

लेबल वाचताना

तेलाच्या बाटलीवरचे ५ टक्के म्हणजे साधारण ५० मि.ग्रॅ. प्रति मि.लि.; १० मि.लि.च्या बाटलीत ५०० मि.ग्रॅ. गांजाच्या बियांचे तेल मात्र निराळे. ते खाद्यतेल आहे, त्यात औषधी म्हणावे इतके सीबीडी नसते. रंग सारखाच असतो, नावही जवळचे, त्यामुळे ऑनलाइन घेताना इथेच फसगत होते.

वाळलेल्या फुलांच्या अहवालात टीएचसीए आणि टीएचसी असे दोन आकडे असतात. झाडात बहुतांश टीएचसीएच असते आणि त्याने नशा येत नाही. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होते, पण वजन घटते. म्हणून टीएचसीए गुणिले ०.८७७ करून त्यात टीएचसी मिळवायचे. उदाहरणार्थ, टीएचसीए २० टक्के आणि टीएचसी १ टक्का असेल तर एकूण १८.५४ टक्के. कच्चे फूल गिळून फारशी नशा येत नाही, त्याचे कारणही हेच. फुले वाफेच्या उपकरणातून साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला तापवून घेतात. ओढण्यासाठी पेटवू नका. धुराबरोबर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही छातीत जातात.

प्रत्येक बॅचचा चाचणी अहवाल मागा. त्यात कीटकनाशके, शिसे व कॅडमियम, बुरशी आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकांचे अवशेष यांची तपासणी हवी. हे झाड जमिनीतले जड धातू सहज शोषते. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बदललेल्या रुग्णाला बुरशीचा धोका मोठा; त्यांनी फुलांविषयी डॉक्टरांना मुद्दाम विचारावे.

मात्रा मोजणे

तेलाचा थेंब ड्रॉपर आणि तापमानाप्रमाणे लहानमोठा होतो. सुई नसलेली १ मि.लि.ची तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज वापरा. तेलात टीएचसी १० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. असेल आणि मात्रा २.५ मि.ग्रॅ. असेल, तर सिरिंजवर ०.२५ मि.लि. ही खूण.

गिळलेल्या तेलाचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. पाऊण तासात 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरी मात्रा घेतली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. नव्या रुग्णांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. पहिली मात्रा रात्री, घरात कुणी असताना घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या अंतरानेच वाढवा.

जेवणाचाही मोठा फरक पडतो. सीबीडी स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर उपाशीपोटीच्या मानाने सुमारे चौपट शोषले जाते. जेवणाआधी की नंतर, एक पद्धत ठरवा आणि रोज तीच ठेवा.

सॅटिव्हेक्स या तोंडात मारायच्या औषधाच्या प्रत्येक फवाऱ्यात २.७ मि.ग्रॅ. टीएचसी आणि २.५ मि.ग्रॅ. सीबीडी असते. दोन फवाऱ्यांत किमान १५ मिनिटे जाऊ द्या. दिवसाला बाराच्या वर नाही. त्यात अल्कोहोल असल्याने तोंड झोंबते, म्हणून दर वेळी जागा बदला: कधी जिभेखाली, कधी गालाच्या आत.

इतर औषधांबरोबर

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढू शकतो. सुरुवातीला आणि मात्रा बदलताना तपासणी हवीच. सीबीडीमुळे क्लोबाझाम या अपस्मारावरच्या औषधाच्या सक्रिय घटकाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि मूल दिवसभर पेंगते. व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्याच औषधाबरोबर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. एपिडायोलेक्स या सीबीडीच्या औषधासाठी यकृताची तपासणी सुरू करण्याआधी आणि नंतर एक, तीन व सहा महिन्यांनी सांगितलेली आहे. टॅक्रोलिमस (अवयव बदलल्यावर घ्यायचे औषध) याची पातळीही चढते. काढे, जडीबुटी, झोपेच्या गोळ्या, दारू काहीही न लपवता सांगा.

रुग्णाला स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, गर्भ असेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा हृदयविकार स्थिर नसेल, तर टीएचसी असलेले औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा.

मात्रा जास्त झाली तर धडधड, घाबरेपणा, तोंड कोरडे पडणे, चक्कर येते. यावर खास उतारा नाही. बसवा, पाणी द्या, एकटे सोडू नका. छातीत दुखू लागले, शुद्ध हरपली किंवा लहान मुलाच्या पोटात औषध गेले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि बाटली बरोबर घ्या.

गाडी, प्रवास, साठवण

टीएचसी चालू असताना गुंगी असेपर्यंत गाडी चालवू नका. चिठ्ठी असली तरी काही देशांत रक्तात ते नुसते सापडणेही गुन्हा ठरू शकते. सीबीडीच्या काही तेलांतही टीएचसीचा अंश असतो. नोकरीतल्या किंवा खेळातल्या तपासणीत तो दिसू शकतो. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये (ज्यांच्या आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसते) ये-जा करताना सक्षम कार्यालयाने प्रमाणित केलेला दाखला लागतो आणि तो ३० दिवसांपुरता चालतो. इतरत्र जाण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या. विमान बदलायला थांबता तो देशही यात धरा.

तेल अंधारात, २५ अंशांखाली ठेवा. उजेड आणि हवेने टीएचसी खराब होते. एपिडायोलेक्स फ्रिजमध्ये ठेवू नका आणि उघडल्यावर १२ आठवड्यांनी टाकून द्या. सॅटिव्हेक्सचे उलट: न उघडलेले फ्रिजमध्ये, उघडल्यावर बाहेर, उभे.

उरलेले औषध कुणाला देऊ नका, मोरीतही ओतू नका. आमच्याकडे परत आणा, नोंद करून नष्ट केले जाईल. काही त्रास झाला तर कळवताना बाटलीवरचा बॅच क्रमांक, घेतलेली मात्रा मि.लि.मध्ये, घेतल्याची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ, एवढे चार तपशील लिहून आणा. बॅच क्रमांकावरून ती खेप कुठून आली हे शोधता येते.