शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि सिस्टरची नोंदणी

गेल्या पावसाळ्यात आमची आत्या मांडीचं ऑपरेशन होऊन मंगळवार पेठेतल्या घरी आली. घरातले सगळे नोकरीवाले, म्हणून दिवसभरासाठी सिस्टर हवी होती. घरी सिस्टर पुरवणाऱ्या एका ब्युरोत गेलो. भिंतीवर फ्रेम केलेला कागद होता, बोर्डावर 'शासनमान्य' लिहिलं होतं. तेवढं वाचून मी निर्धास्त झालो आणि महिन्याचे पैसे भरून आलो. तो कागद शॉप अ‍ॅक्टचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

कोल्हापुरात सध्या घरोघरी हाच घोटाळा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शॉप अ‍ॅक्ट म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017. हा कायदा कामगारांसाठी आहे. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, ओव्हरटाइम हे त्याचे विषय. छोट्या आस्थापनेनं तर ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते. चप्पल लाइनीतल्या दुकानाला मिळतो तोच कागद ब्युरोलाही मिळतो. पाठवलेल्या बाईला बीपी बघता येतं का, बेडसोअरची, म्हणजे पडून राहून झालेली जखम स्वच्छ करता येते का, याची चौकशी तो कागद देताना कुणी करत नाही. कामगार खात्याचं ते कामच नाही.

नोंदणी ही वेगळी गोष्ट. ती ब्युरोची नसते, माणसाची असते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, 3 वर्षांचा; बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं. ते पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे आपण ज्याला नर्सिंग कौन्सिल म्हणतो तिथे, नाव लागतं आणि नंबर मिळतो. ही परिषद 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालते. नोंदणीला मुदत असते, तिचं नूतनीकरण करावं लागतं. चूक झाली तर परिषदेकडे तक्रार करता येते, नाव कमी होऊ शकतं. शॉप अ‍ॅक्टच्या कागदामागे असं विचारणारं कुणी नाही.

नावामुळे आणखी एक गोंधळ होतो. नर्सिंग होमची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली होते, पण ती जिथे खाटा टाकून रुग्ण ठेवतात त्या जागेची. ब्युरोच्या नावात 'नर्सिंग' आहे म्हणून त्याला ती लागू होत नाही.

आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली सरकारी परवाना लागतो, गार्डची पूर्वतपासणी आणि प्रशिक्षण लागतं. आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ दार लावून बसणारं माणूस पाठवणाऱ्या एजन्सीला असा खास परवाना महाराष्ट्रात नाही. ज्येष्ठांच्या घरपोच सेवेला नियम लावणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा होण्याआधीच 2024 मध्ये ती लोकसभा संपली. गेटला नियम आणि खाटेला नाही, हे मला पटत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आत्याचं इन्सुलिन दवाखान्यात बदललं होतं. आधी 40 ची बाटली होती, म्हणजे एका मिलीत 40 युनिट; आता 100 ची, म्हणजे एका मिलीत 100 युनिट. घरात जुन्या लाल टोपीच्या सिरिंज पडून होत्या, त्या 40 च्या. ब्युरोनं पाठवलेल्या बाईंनी त्यातलीच एक घेतली आणि 12 च्या रेघेपर्यंत औषध भरलं. वहिनी चहा घेऊन आत आली म्हणून बरं. मेडिकलवाल्यानं तिला बजावलं होतं, "ह्याला नारिंगी टोपीचीच वापरा." लाल सिरिंजमध्ये 12 रेघा म्हणजे 0.3 मिली. नव्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे 12 नव्हे, 30 युनिट. आत्यानं सकाळपासून अर्धीच वाटी पेज खाल्ली होती, साखर एकदम खाली गेली असती.

वहिनीनं हात धरला. बाई रडायलाच लागल्या. "वहिनी, खोटं नाही सांगत. मी आधी चपात्या लाटायला जात होतो. ब्युरोत आठ दिवस शिकवलं न् पांढरा कोट दिला."

त्या बाईंवर माझा राग नाही. आत्याला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं त्या मनापासून करायच्या. ते अटेंडंटचं काम आहे आणि त्याला कौन्सिलची नोंदणी लागत नाही. अन्याय केला तो कोट चढवून त्यांना सिस्टर म्हणून पाठवणाऱ्यानं, आणि आमच्याकडून सिस्टरचा दर घेणाऱ्यानं.

म्हणून आधी ठरवा, घरात सुई, नळी, कॅथेटर, जखम यातलं काही आहे का. असेल तर ब्युरोची फ्रेम बघू नका, येणाऱ्या सिस्टरचं कौन्सिलचं प्रमाणपत्र मागा. नाव, फोटो आणि मुदत जुळवून घ्या. नुसती सोबत आणि शुश्रूषा हवी असेल तर अटेंडंट पुरे, पण पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागाच. पावती घ्या आणि तिच्यावर 'नर्स' की 'अटेंडंट' हे लिहून घ्या. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत खोट निघाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तिथे हाच शब्द उपयोगी पडतो.

आम्ही ब्युरो सोडला, बाईंना सोडलं नाही. त्या आता थेट आमच्याकडे येतात, कोट न घालता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यायला गल्लीतली जीएनएम झालेली मुलगी येते. पहिल्या दिवशी तिनं न मागता नोंदणीचा कागद टेबलावर ठेवला आणि लाल टोपीच्या सगळ्या सिरिंज गोळा करून घेऊन गेली.