शाई वाळते तेवढ्या काही सेकंदांत

'भिंतीला रंग लावा आणि वीज मिळवा' असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. त्यामागचं खरं संशोधन त्या मथळ्याहून कितीतरी सुंदर आहे, म्हणूनच मला त्याचा राग येतो. भिंतीचा रंग विसरा. गोष्ट आहे छापता येणाऱ्या पेरोव्हस्काइट सौरघटांची.

पेरोव्हस्काइट हे मूळचं १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचं नाव. सौरघटात ते खनिज नसतं. त्याच ठेवणीचा स्फटिक असलेलं, शिसं, आयोडीन आणि मिथाइल-अमोनियमसारखा एखादा सेंद्रिय घटक यांचं संयुग असतं. जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये अशा घटाची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हाची वीज होण्याचं प्रमाण, ३.८ टक्के नोंदवली होती. आज प्रयोगशाळेतले घट २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. नेहमीच्या सौरघटातलं सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं. पेरोव्हस्काइटचा अर्ध्या मायक्रॉनचा थर शंभर-दीडशे अंशांवर तयार होतो. कच्चा माल द्रावणात विरघळतो, म्हणजे त्याची शाई होते, आणि शाई आली की छपाई आलीच.

पण ही शाई वाळताना स्फटिक बनते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

संक्रांतीचा हलवा ज्यांनी केलाय त्यांना हे चटकन कळेल. पाकाला बसायला आधी तिळाचा किंवा खसखशीचा दाणा लागतो, आणि पाक थोडा थोडा घातला तरच काटा फुलतो. शाईतही तसंच. द्रावक उडू लागला की द्रावण अतिसंपृक्त होतं, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त माल उरतो, आणि स्फटिकाची बीजं पडतात. द्रावक रेंगाळत उडाला तर बीजं मोजकीच पडतात, त्यांच्यापासून लांब सुया वाढतात आणि सुयांच्या मधे भोकं राहतात. त्या भोकांतून वरचा आणि खालचा थर एकमेकांना टेकले की घट शॉर्ट झाला. म्हणून बीजं एकाच क्षणी, दाटीवाटीने पडायला हवीत. त्यानंतरची वाढ मात्र सावकाश व्हायला हवी.

दक्षिण कोरियातल्या सांग इल सोक यांच्या गटाने २०१४ मध्ये यावर तोडगा दाखवला. गरगर फिरणाऱ्या काचेवरच्या ओल्या थरावर टोल्यूइन हा दुसरा द्रव टाकायचा. तो मूळ द्रावक क्षणात ओढून घेतो आणि बीजांची दाटी होते. शाईतलं डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक शिशाला धरून ठेवतं आणि वाढीला लगाम घालतं. नखाएवढ्या काचेवर हे छान जमतं. पण फिरवताना बहुतेक शाई उडून वाया जाते, आणि सरकत्या प्लास्टिकच्या पट्ट्यावर टोल्यूइन एकसारखं शिंपडणं अवघडच. म्हणून छपाईत पट्टीसारख्या अरुंद फटीतून हवेचा किंवा नायट्रोजनचा झोत ओल्या थरावर मारतात. झोताचा वेग, शाईची जाडी, पट्ट्याची गती ही तिन्ही जुळली तरच थर आरशासारखा येतो.

इतकं करूनही दोन स्फटिककणांच्या सीमेवर आणि पृष्ठभागावर काही शिशाच्या अणूंना जोडीदार नसतो. अशा जागी इलेक्ट्रॉन अडकतो, रिकाम्या जागेशी (होलशी) जुळतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत जाते. परिणामी घटाचा व्होल्टेज घसरतो. फेनेथाइल-अमोनियम आयोडाइडसारख्या क्षाराचा पातळ हात वरून दिला की असे पुष्कळ दोष झाकले जातात. अलीकडची बरीच कार्यक्षमता इथूनच वाढली आहे.

नखाएवढ्या काचेवर जमलेलं मोठ्या पट्ट्यावर जमेलच असं नाही, म्हणून विक्रमाची बातमी वाचताना आधी घटाचं क्षेत्रफळ बघावं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने लवचिक पट्ट्यावर निर्वात यंत्रणेशिवाय संपूर्ण छापलेले घट २०२४ मध्ये मांडले: लहान घट १५.५ टक्के, जोडून केलेलं मॉड्यूल ११ टक्के. या प्रामाणिक आकड्यांचं मला २६ टक्क्यांहून जास्त कौतुक वाटतं.

चीनमधल्या वुहानच्या होंगवेई हान यांनी क्रमच उलटा केला. टायटेनियम डायऑक्साइड, झिर्कोनियम डायऑक्साइड आणि कार्बन यांचे सच्छिद्र थर आधी छापायचे, लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगसारखेच, आणि मग कार्बनमधून शाई खाली झिरपू द्यायची. वीज गोळा करणाऱ्या वरच्या थरासाठी एरवी वापरतात ते महागडं सोनं लागतच नाही. २०१४ मधला त्यांचा घट १२.८ टक्क्यांचा होता आणि उघड्या हवेत, भर प्रकाशात हजार तासांहून जास्त टिकला.

हे टिकणं आपल्या पावसाळ्यासाठी फार मोलाचं आहे. दमट हवा आत शिरली की काळा थर फुटून पिवळा पडतो. तो पिवळा रंग म्हणजे लेड आयोडाइड, शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तळाशी बसायचा तोच साका.