नुकरा : जात की रंग?

लग्नसराईत ठाण्यात, वाशीत किंवा नेरुळला वरातीची घोडी ठरवताना ‘नुकरा’ हा शब्द हमखास कानावर पडतो. भाडे सांगणारा तो जातीचे नाव असल्यासारखा उच्चारतो आणि घेणाराही तसाच समजतो. फारसीत नुक्रा म्हणजे चांदी. घोड्यांच्या बाजारात हा मुळात रंगाचा शब्द आहे, अबलख (पांढरे पट्टे असलेला), कुमेद (तांबूस तपकिरी), सब्जा (राखाडी) यांच्या पंगतीतला. २०२४च्या सुरुवातीपर्यंत देशात घोडा-पोनीच्या आठ जातींची अधिकृत नोंद झाली होती : मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, भुतिया, स्पिती, झंस्कारी, कच्छी-सिंधी आणि भीमथडी. त्यांत नुकरा नाही.

ठाण्याला घोड्यांचा धंदा नवा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, इथल्या राजाचा चाच्यांशी ठराव होता : लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांत इतर मालाबरोबर घोडे असायचेच. घोडबंदर हे नावही अशाच व्यापारातून आले, असे मानतात. किनारपट्टीला घोडा बाहेरून आणावा लागे, यामागे साधी कारणे आहेत. पावसाळाभर ओल्या जमिनीत खूर मऊ पडतो, टाचेजवळच्या चिरेत कूज धरते आणि घोडमाश्या सर्रा हा रक्ताचा रोग पसरवतात. घाटावर हवा कोरडी आणि जमीन कडक. म्हणून भीमा-नीरेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टांवर अरबी रक्त चढले आणि भीमथडी घडली.

जात पाहायची ती हाडापेरात. मारवाडी आणि काठेवाडी दोघांचे कान आत वळतात, त्यामुळे गिऱ्हाईक कान पाहते आणि फसते. संकरातही ते वळण उतरते. काठेवाडीचे कपाळ रुंद, चेहरा आखूड, नाकाची रेघ किंचित आत दबलेली, नाकपुडीकडे तोंड निमुळते. मारवाडीचे तोंड लांब आणि सरळ, मान उंच, अंगलोट मोठी. कच्छी-सिंधीचे नाक बाहेर फुगीर. अरबी घोडा शेपटीच्या उंच बसणीवरून आणि आखूड पाठीवरून ओळखू येतो. उंची मोजायची ती मानेच्या तळाशी पाठीचा उंचवटा असतो तिथे. जमीन सपाट हवी, डोके सहज पातळीत हवे आणि नालेची जाडी वजा करायला हवी. ५८ इंचांपर्यंत पोनी, त्यापुढे घोडा, असा सर्वसाधारण हिशेब.

नुकऱ्याचा गुंता याच्या आड येतो, कारण पांढरे दिसणारे जनावर तीन वेगळ्या वाटांनी पांढरे झालेले असते. सब्जा शिंगरू जन्मतः काळे किंवा तांबडे असते आणि दरवर्षी फिकट होत सहा-दहा वर्षांत पांढरे दिसू लागते. त्याची कातडी मात्र काळीच राहते. दुसरी वाट फिकटपणाच्या जनुकाची. तांबड्या घोड्याला त्याची एक प्रत मिळाली तर अंग सोनेरी होते. दोन मिळाल्या तर केस दुधाळ, कातडी गुलाबी आणि डोळे निळे-घारे. तिसऱ्या वाटेत पांढरेपणाचे वेगळेच जनुक असते. तिथेही कातडी गुलाबी, पण डोळे बहुधा तपकिरी. पारख करताना ओठ, पापण्या आणि शेपटीखालची कातडी पाहावी. केसांवर पावडर चढवता येते, तिथे नाही.

‘नुकऱ्याला नुकराच होतो, म्हणजे ही जातच’, हा व्यापाऱ्यांचा नेहमीचा दाखला. तो दुसऱ्या वाटेच्या जनावरांपुरता खरा आहे. आईबाप दोघांकडे दोन-दोन प्रती असल्या की शिंगराला दुसरा रंग येऊच शकत नाही. पण पक्का झाला तो रंग. त्याच रंगाची एक घोडी ६३ इंची, वळलेल्या कानांची असते आणि दुसरी ५७ इंची, सरळ कानांची. तिसऱ्या वाटेची दोन जनावरे जुळवली तर त्या जनुकाच्या काही प्रकारांत दुहेरी वारसा मिळालेला गर्भ टिकत नाही. घोडी फळली असे वाटते, मग पुन्हा माजावर येते आणि दोष चाऱ्याला दिला जातो.

खरा वाद आहे तो नोंदणीच्या एका निर्णयाचा. मारवाडीच्या वंशनोंदणीत जन्मजात पांढरे शिंगरू सहसा घेत नाहीत. या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की गुलाबी कातडी उन्हात भाजते, पापण्यांवर कर्करोगाच्या गाठी येऊ शकतात आणि पांढऱ्याची हाव धरून बाहेरचे वळू घुसतात. हे सगळे खरे आहे. पण दोन नोंदलेल्या आईबापांचे शिंगरू हाडाने मारवाडीच असते, आणि रंगापायी वहीबाहेर गेल्यावर त्याची वंशावळ कुठेच राहत नाही. ते वरातीच्या बाजारात ‘नुकरा’ म्हणून विकले जाते. रंगाची खूण करून त्याला नोंदीत ठेवले असते, तर आज बाजारात इतकी निनावी जनावरे दिसली नसती.

मागणी अलीकडे आणखी एकवटली आहे. २०१५मध्ये न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. गाडीला कुठलाही रंग चाले. वरातीला पांढराच लागतो. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारात पंजाब-उत्तर प्रदेशातून पांढरी जनावरे उतरतात आणि तिथून शहरांकडे येतात. इथे त्यांना सांभाळायचे तर नाकावर आणि पापण्यांभोवती झिंक ऑक्साइडचे मलम हवे, दुपारी सावली हवी, खुरांच्या वरची कातडी पावसाळ्यात रोज कोरडी पुसायला हवी. डांबरावर चालणाऱ्या घोड्याची नालबंदी दर पाच-सहा आठवड्यांनी लागते. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो आणि नाल तशीच ठेवली की टाच दबते.

भीमथडीला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली ती थेट २०२४च्या जानेवारीत. ठेंगणी, बहुधा कुमेद किंवा मातकट, त्यामुळे वरातीत तिला कोणी विचारत नाही. भातकापणी उरकली की धनगरांचे वाडे घाट उतरून पनवेल-कल्याणकडच्या खाचरांत मेंढरे बसवायला येतात, तेव्हा त्या तट्टांच्या पाठीवर पाल, भांडी, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरे असतात.